सरांचं ‘नाही’

माझ्या भाचीला आम्ही घरात फौजदार म्हणतो. ती बोलायला लागली की समोरच्याला आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटतं. आवाज मोठा, एकाच पट्टीतला, आणि नजर थेट तुमच्या तोंडावर. बोलताना तोंडापुढे हात धरलात तर ती तुमचा हात धरून खाली करते, ओळख असो वा नसो. बँकेतल्या एका साहेबांचा हात तिनं असाच खाली केला होता. साहेब बावचळले, माझा भाऊ शरमेनं अर्धा झाला आणि फौजदार म्हणाली, “हं, आता बोला.” साहेब बोलले. अगदी सावकाश, शाळेत कविता म्हणून दाखवावी तसे.

तिला ऐकू येत नाही. हे जन्मापासूनचं नव्हे. शाळेत जायला लागली होती, गाणी म्हणायची, शेजाऱ्यांच्या नकला करून दाखवायची. मग ताप आला, दवाखान्यात इंजेक्शनं झाली, ताप उतरला आणि कान गेले. तापानं गेले की इंजेक्शनांनी, हे आजवर कोणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. आम्ही दवाखान्यात विचारलं तेव्हा “जीव वाचला ना पोरीचा?” असं उलट आम्हालाच ऐकवलं. वाचला, त्याबद्दल कोणाची तक्रार आहे? पण एवढा साधा प्रश्न विचारला तर माणसं अंगावर का येतात, ते मला अजून कळलेलं नाही.

औषधशास्त्राला जायचं तिनं तेव्हापासूनच मनात धरलं असावं. बारावीनंतर भावानं तिला सुचवून पाहिलं, चित्रकला घे, कॉम्प्युटर घे, ज्यात बोलावं लागत नाही असं काहीतरी घे. ती म्हणाली, “बाबा, मला कुठलं औषध दिलं ते तुम्हाला माहीत नव्हतं. देणाऱ्याला तरी माहीत होतं का? मला औषधाच्या खिडकीमागे बसायचंय. औषध माझ्या हातून जाईल आणि घेणाऱ्याला मी सांगीन, हे काय आहे आणि कसं घ्यायचं.” भाऊ गप्प बसला. तो गप्पच बसतो. त्याला राग येतच नाही, त्यामुळे त्याच्या वाटणीचाही मलाच करावा लागतो.

मी तिची आत्या. चष्म्याच्या दुकानात काम करते, काचा बसवून देते. माझ्याकडे दिवसभर डोळ्यांनी अधू माणसं येतात आणि त्यांना कोणी बिच्चारं म्हणत नाही. उलट फ्रेम निवडताना ती आरशासमोर असा भाव खातात की विचारू नका. कानांचं मात्र तसं नाही. कान गेले की अक्कलही त्यांच्याबरोबर गेली, असं लोक धरूनच चालतात. मग एक तर ओरडून बोलतात, नाहीतर तिच्याशी बोलायचं ते शेजारच्याशी बोलतात. “हिला चहा चालेल का?” अरे, ती समोर बसलीये! तिला विचार! मी असं बोलले की भाऊ म्हणतो, जाऊ दे. काय काय जाऊ द्यायचं?

आमच्या घरात तिला हाक मारायची नसते, खोलीतला दिवा दोनदा चालू-बंद करायचा असतो. वहिनी बोलताना आपोआप उजेडाकडे तोंड करते. पाहुणे आले तरी तिचं ते सुटत नाही, आणि पाहुण्यांना वाटतं ही खिडकीशी बोलतेय. फौजदार स्वतःच्या कानांवरून सगळ्यात जास्त विनोद करते. आईनं बोलणी खाऊ घातली की म्हणते, “तुमचं बरं आहे, एका कानानं ऐकता आणि दुसऱ्यानं सोडून देता. माझी तीही सोय नाही.”

विद्यापीठात पहिल्या वर्षी ती पुढच्या बाकावर बसून शिकवणाऱ्यांची तोंडं वाचायची. लोकांना वाटतं तितकं ते सोपं नसतं. ‘पाप’ आणि ‘माप’ ओठांवर अगदी सारखे दिसतात. औषधांची नावं तर ओठांवर सगळी एकाच आईची लेकरं. आणि शिकवणारा फळ्याकडे वळला की त्याची पाठ वाचून काय कळणार? मग ती शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. शेजारीण कंटाळली की हिचाही तास संपला. जांभई तिची, नुकसान हिचं.

मग विद्यापीठानं त्यांच्या मोठ्या वर्गात पडदा बसवला. शिकवणाऱ्यानं कॉलरला छोटा माईक लावायचा, यंत्र त्याचं बोलणं ऐकून लिहिणार आणि ते लिहिलेलं लगेच फळ्याशेजारच्या पडद्यावर दिसणार. तास संपला की सगळं लिखाण आणि आवाजाचं रेकॉर्डिंग विद्यापीठाच्या साइटवर, ज्याला हवं त्यानं बघावं. उद्घाटनाला फीत कापायची होती. फौजदारला चांगला ड्रेस घालून या असा निरोप आला. तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि फोटोग्राफरनं खुणेनं सांगितलं की पडद्याकडे बघून जरा आनंदी व्हा. मी तिच्या शेजारी होते. मोठ्या साहेबांनी ‘सर्वांना सामावून घेणारं शिक्षण’ या विषयावर लांबलचक भाषण केलं आणि माईक लावायचं विसरले. पडदा त्यांच्या मागे कोराच्या कोरा होता. तिच्यासाठी केलेलं भाषण तिच्याखेरीज सगळ्यांनी ऐकलं. टाळ्या पडल्या तेव्हा हिनंही वाजवल्या, कारण फोटोग्राफर पुन्हा खुणावत होता.

तरीही ती सोय चांगली होती, हे मी प्रामाणिकपणे सांगते. यंत्र सुरुवातीला येडबंबू होतं. ‘विषाणू’ म्हटलं की ‘विष आणू’ लिहायचं. पण मागच्या बाकावर कीबोर्ड घेऊन एक बाई बसायच्या. त्यांचं कामच ते होतं. यंत्रानं लिहिलेलं पडद्यावर जायच्या आत त्यावरून नजर फिरवायची, चुकलेला शब्द दुरुस्त करायचा, वाक्य तोडायचं, प्रश्नचिन्ह द्यायचं. वाक्य पडद्यावर यायला पाणी प्यायला लागेल तेवढा उशीर व्हायचा, पण नीट यायचं. फौजदारनं त्यांना नाव ठेवलं होतं ‘स्वल्पविराम मॅडम’. त्या मॅडम शिकवणाऱ्यांकडून नवे शब्द आधीच मागून घ्यायच्या आणि यंत्राला भरवायच्या, लहान मुलाला घास द्यावा तसे.

एका संध्याकाळी फौजदार घरी आली ती दारातूनच ओरडत. “आत्या, आज मी वेळेवर हसले!”

मला कळेना. मग तिनं सांगितलं. वर्गात कोणी विनोद केला की सगळे हसतात, आणि ही इकडेतिकडे बघून मागाहून हसते. काय झालं ते कळलेलं नसतंच, नुसतं हसायचं. त्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी काहीतरी गंमत केली, ती पडद्यावर आली आणि ही सगळ्यांबरोबर हसली. विनोद काय होता म्हणून विचारलं, तर म्हणाली, “फालतू होता गं. पण वेळेवर कळला.” वहिनी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत बसली. ती रडायची असली की भांडी आपटते.

पडद्याचा फायदा तिला एकटीलाच होता असंही नाही. रात्रपाळी करून वर्गात पेंगणारी मुलं साइटवरचं लिखाण वाचून अभ्यास करायची. घरी वेगळी भाषा बोलणारी एक मुलगी होती, तीही पडद्याकडेच बघून लिहायची. पुढे पुढे तर निम्मा वर्ग वह्या आणायचाच बंद झाला. हे मी अशासाठी सांगतेय की पुढे त्याचा संबंध आहे.

तिसऱ्या वर्षी स्वल्पविराम मॅडमना उचलून प्रवेशाच्या खिडकीवर बसवलं. यंत्र आता शिकलंय म्हणे. यंत्र कशामुळे शिकलं, कोणामुळे शिकलं, ते कोणी बोललं नाही. फौजदार विभागप्रमुख बाईंना भेटून आली. त्या गोड हसून म्हणाल्या, “अगं, आता शंभरातले पंच्याण्णव शब्द बरोबर येतात.” आणि त्याच वर्षी औषधांचे परिणाम शिकवायला हे सर आले.

सर वाईट नव्हते असं सगळे सांगतात. मीही सांगते, म्हणजे माझ्यावर आळ नको. पहिल्या दिवशी त्यांनी माईक हातात घेऊन टेबलावर ठेवून दिला. “माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. मला नाही लागत हे.” लागत कोणाला होतं? फौजदार उठून टेबलापाशी गेली आणि माईक त्यांच्यापुढे धरून उभी राहिली. “मला लागतो, सर.” तेव्हा त्यांनी तो लावला. लावताना वर्गाला म्हणाले, “आपल्या खास पाहुणीसाठी.” सगळे हसले. पडद्यावर आलं, ‘आपल्या खास पाहुणीसाठी’. तेही तिला वेळेवरच कळलं.

सरांना एक सवय होती. काही माणसं वाक्यामागे ‘बरं का’ म्हणतात, काही ‘काय’ म्हणतात, सर ‘नाही?’ म्हणायचे. “हे यकृतात तुटतं, नाही? मग मूत्रातून बाहेर पडतं, नाही?” ऐकणाऱ्याला त्यात काही अडचण नसते. आवाज शेवटी वर जातो, आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. यंत्राला काय त्याचं? त्यानं कानावर पडेल ते लिहायचं. पडद्यावर यायचं, ‘हे यकृतात तुटतं नाही मग मूत्रातून बाहेर पडतं नाही’. ना स्वल्पविराम, ना प्रश्नचिन्ह.

फौजदार काही दूधखुळी नाही. पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आलं की हे ‘नाही’ सरांच्या तोंडात बसलेलं आहे. तिनं स्वतःपुरता नियम केला. जिथे ‘नाही’ वाक्यात बसत नाही, तिथे ते सरांचं, खोडून टाकायचं. ‘तुटतं नाही’ असं कोणी बोलत नाही, तेव्हा तिथलं ‘नाही’ खोडायचं. नियम चांगला होता, तिचं बरं चाललं होतं. चाचण्यांत ती पहिल्या काही जणांत होती.

आणि मग सरांनी हाडं ठिसूळ झालेल्यांना देतात ती गोळी शिकवली. ते म्हणाले, “ही गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची, नाही? घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.”

पडद्यावर आलं, ‘ही गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही’.

आता सांगा, यातलं कुठलं ‘नाही’ खोडायचं? वाक्य वेडंवाकडं आलं असतं तर तिनं ते दारातच अडवलं असतं. हे नीट कपडे घालून आलं होतं. तिनं दोन्ही ‘नाही’ वहीत उतरवली आणि चाचणीत रुग्णाला काय सांगाल या प्रश्नाखाली तेच लिहिलं. रिकाम्या पोटी घ्यायची नाही. अगदी उलट.

चाचणीनंतर या मुलांना हॉस्पिटलात प्रशिक्षणाला पाठवतात. औषधाच्या खिडकीवर बसायचं, चिठ्ठी वाचायची, गोळ्या द्यायच्या, कशा घ्यायच्या ते समजावून सांगायचं. त्याशिवाय पदवी मिळत नाही. फौजदार त्या दिवसाची वाट बघत होती. पांढरा कोट शिवून घेतला होता, त्याचा खिसा मी बसवून दिला होता. आणि विद्यापीठाचं पत्र आलं. ही विद्यार्थिनी औषधांच्या सूचना उलट समजते, रुग्णांच्या जिवाला धोका संभवतो, सबब तिला प्रशिक्षणाला पाठवू नये आणि माणसांशी थेट संबंध न येणाऱ्या दुसऱ्या शाखेत बदली द्यावी, अशी सरांची शिफारस आहे, त्यावर चर्चेसाठी पालकांनी यावं. पालकांनी! मुलगी मतदान करते, आणि पत्र बापाच्या नावानं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ चष्मा पुसत म्हणाला, “दुसरी शाखा म्हणजे तरी काय वाईट असेल असं नाही. गोदामात, पॅकिंगमध्ये...”

फौजदारनं त्याच्या हातातला चष्मा काढून टेबलावर ठेवला, म्हणजे त्यानं तिच्याकडे बघावं. “बाबा, तुम्हीसुद्धा?”

भावानं मान खाली घातली. ती ओरडली, “खाली बघून बोलू नका! मला कळत नाही!” तेव्हा त्यानं वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते.

चुकली कशी, हे तिला कळत नव्हतं. पुस्तक उघडलं तर त्यात स्पष्ट लिहिलेलं, रिकाम्या पोटी घ्यावी. तिनं साइटवरचं लिखाण पुन्हा वाचलं, तिथे घ्यायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या दुकानात आली, गिऱ्हाईक नव्हतं, आणि माझ्या हातात इयरफोन दिले. “आत्या, तू ऐक. सर नक्की काय म्हणाले ते मला सांग.”

मी ऐकलं. पुन्हा मागे नेऊन ऐकलं. मग कपाळावर हात मारला.

“अगं, ‘घ्यायची’वर वाक्य संपलंय. ‘नाही’ हे त्यांचं नेहमीचं आहे, सवयीचं.”

“कशावरून?”

“आवाजावरून. वर जातो ना शेवटी. घ्यायची, नाही-ई?”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “पुन्हा म्हण.” मी पुन्हा म्हटलं. तिनं माझ्या गळ्यावर बोटं ठेवली आणि आणखी एकदा म्हणायला लावलं. मग खऱ्या नकाराचं ‘नाही’ म्हणायला लावलं. काचांच्या पेट्यांमागे आम्ही दोघी उभ्या, आणि मी वेड्यासारखी नाही, नाही-ई, नाही, नाही-ई करत होते.

“वर जातो,” ती म्हणाली. “पडद्यावर कुठे वर जातो?”

तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. ती रागानं लाल झाली होती. मला बरं वाटलं.

चर्चेला तिनं भावाला नेलं नाही. “बाबा तिथे हात जोडतील,” म्हणाली. मला नेलं, पण अट घालून की मी मधे बोलायचं नाही. चर्चा त्याच मोठ्या वर्गात ठेवली होती, कारण तिनं आधीच कळवलं होतं की मला काय बोललं जातंय ते कळायला हवं, पडदा चालू ठेवा. पुढच्या बाकावर विभागप्रमुख बाई, त्यांच्या पुढ्यात वर्गाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, आणि शेजारी सर, कॉलरला माईक लावून. आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. सरांच्या चष्म्याची एक दांडी वाकडी झालेली मला आल्याआल्याच दिसली. दुकानात आले असते तर चुटकीसरशी सरळ करून दिली असती. आता मरू दे म्हटलं.

विभागप्रमुख माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हिच्या भल्याचाच आम्ही विचार करतोय.” मी काही न बोलता भाचीकडे बोट दाखवलं.

मग सर बोलायला लागले. शांतपणे, समजुतीच्या सुरात. “मुलगी मेहनती आहे, नाही? तिच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, नाही? पण शेवटी रुग्णाची सुरक्षितता आधी बघायची, नाही?”

फौजदार पडद्याकडे बघत होती. तिनं तिच्या त्या एकाच पट्टीतल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. “मुलगी मेहनती आहे नाही. माझ्या मनात आदर आहे नाही. रुग्णाची सुरक्षितता आधी बघायची नाही.” मग सरांकडे वळली. “सर, रुग्णाची सुरक्षितता बघायची नाही, असं तुम्ही म्हणालात. तुम्हाला कुठल्या शाखेत पाठवायचं?”

सर उभेच राहिले. “मी असं म्हणालो नाही!”

पडद्यावर आलं, ‘मी असं म्हणालो नाही’.

“हे ‘नाही’ कुठलं, सर?” तिनं विचारलं. “सवयीचं की खरं?”

विभागप्रमुखांना हसू आवरेना. त्यांनी तोंडापुढे हात धरला. फौजदार त्यांना म्हणाली, “मॅडम, हात.” त्यांनी हात खाली घेतला आणि हसू गेलं.

मग तिनं पडद्यावर त्या दिवशीच्या तासाचं लिखाण लावायला सांगितलं आणि आवाज मोठा करून रेकॉर्डिंगही लावायला सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. सरांनीही ऐकलं, पहिल्यांदाच असावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर आपला आवाज परक्याचा वाटावा तसं काहीतरी आलं. पण माणूस असा लगेच नमतो थोडाच?

“तरी पुस्तक बघायला हवं होतं,” ते म्हणाले. “औषधाच्या बाबतीत एका शब्दावर विसंबायचं म्हणजे...”

“पुस्तक जुनं आहे, मी सांगतो तेच लिहा, असं तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होतात.”

मला राहवलं नाही. “सर, तुमचा चष्मा काढून ठेवा आणि मग सांगा बरं पडद्यावर काय लिहिलंय. नाही दिसलं तर तुमची चूक का?”

“आत्या!” फौजदार माझ्यावर खेकसली. “मधे बोलू नकोस म्हटलं ना!” मी गप्प बसले. तिचं बरोबर होतं, भांडण तिचं होतं.

ती सरांना म्हणाली, “पुस्तक बघायला हवं होतं. ती माझी चूक आहे, मी ती नाकारत नाही.” एवढं जिंकत आणलं आणि हे काय कबूल करून बसली? सरांनी लगेच मान डोलावली. तेवढ्यात ती विभागप्रमुखांना म्हणाली, “मॅडम, तुमच्यासमोर सगळ्यांचे पेपर आहेत. हेच उत्तर आणखी कोणी लिहिलंय का, ते बघता?”

विभागप्रमुख एक पेपर उलटून थांबल्या. तो बाजूला ठेवला. मग आणखी एक. सर म्हणाले, “त्याची आत्ता गरज आहे का?” बाईंनी पुढचा पेपर उलटला. बाजूला ठेवलेल्या पेपरांची चळत वाढत चालली. वर्गात पेंगणारे, वही न आणणारे, मोबाइलवर साइट उघडून अभ्यास करणारे, धडधाकट कानांचे सगळे. सर बोलत असताना ते वर्गात बसले होते, त्यांच्या कानांवर ते ‘नाही-ई’ पडलं होतं, आणि तरी पेपरात त्यांनी पडद्यावरचंच उतरवलं होतं.

“यांना कुठे पाठवताय?” फौजदारनं विचारलं.

पडदा रिकामाच राहिला.

“मॅडम, यांचं काय केलंत?”

“मार्क कापलेत,” विभागप्रमुख हळू म्हणाल्या. हळू बोलल्या, तरी शेजारच्या सरांच्या माईकनं ते टिपलं आणि पडद्यावर आलं.

“मग माझेही कापा,” ती म्हणाली. “तेवढेच.”

विभागप्रमुखांनी पत्र मागे घेतलं. फौजदार प्रशिक्षणाला जाणार, इतर सगळ्यांबरोबर. त्या गोळीची सूचना सगळ्या वर्गाला पुन्हा सांगायची असंही ठरलं, कारण आता तो निम्मा वर्ग हॉस्पिटलच्या खिडकीवर बसणार होता. स्वल्पविराम मॅडमना परत आणायचं काय, असं विचारल्यावर मात्र बाई म्हणाल्या की प्रस्ताव पाठवावा लागेल, वरून मंजुरी लागेल, बघू. फीत कापताना मंजुरी पटकन मिळाली होती. निघताना त्यांनी मला सांगितलं की ही सगळी एक विशेष बाब म्हणून सहानुभूतीनं केली असं समजा. मी समजणार नाही, असं तोंडावर सांगून आले. सहानुभूती कसली? बाकीच्यांना जो न्याय फुकट मिळाला होता, तो हिनं भांडून घेतला.

आम्ही बाहेर आलो. जिन्यापाशी मुलांची ये-जा चालली होती. सर मागून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. फौजदार माझ्या शेजारीच उभी होती, खांद्याला खांदा लावून.

“तुम्ही जरा तिला समजावून सांगा,” ते मला म्हणाले. “मी हे मुद्दाम केलं नाही.”

“तिलाच सांगा की. ती काय परगावी गेलीये?”

सर वळले. त्यांना कुठे बघावं ते कळेना, तिच्या डोळ्यांकडे की कानांकडे. मग त्यांनी तिच्याकडे तोंड केलं आणि प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाले, “मी मुद्दाम केलं नाही.”

फौजदारनं त्यांचे ओठ थांबेपर्यंत बघितलं.

“माहीत आहे, सर,” ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच मोठा, जिन्यातली मुलं थांबून बघायला लागली. “मुद्दाम करायला, मी वर्गात आहे हे आधी लक्षात असावं लागतं.”